हुकुमदार

मोबाईलवर अपडेटची पाटी आली की मी ज्या शिव्या देतो, त्या मुलीच्या कानावर पडू नयेत असं माझ्या बायकोचं म्हणणं आहे. तिचं खरं आहे. पण त्या पाटीवर दोनच बटणं असतात, ‘आत्ता’ आणि ‘नंतर’. ती दोन बटणं दिसली की मला एक माणूस आठवतो आणि माझा तोंडावर ताबा राहत नाही.

“‘नको’ म्हणायचं बटन कुठाय रं?” हा त्या माणसाचा प्रश्न. दिवसातून चारदा तरी विचारायचे. “पोरगी बघाय आलेल्या पावण्याला सुद्धा ‘नको’ म्हणता येतं. ह्यांचं काय वेगळं हाय? आत्ता न्हाई तर नंतर, पर येणार म्हंजी येणारच. ह्याला इचारणं म्हणत्यात व्हय?”

कुपवाडच्या एमआयडीसीत आमचं पॅटर्नचं वर्कशॉप आहे. फाउंड्रीत ओतकाम करायचं तर आधी त्या वस्तूचा हुबेहूब नमुना लागतो, तो पॅटर्न. गिऱ्हाईक ड्रॉइंग देतं, आम्ही ते कॉम्प्युटरवर चढवतो आणि मशीन त्याबरहुकूम ॲल्युमिनियम कापतं. मी ड्रॉइंगला होतो, अजून आहे. ‘नको’चं बटण शोधणारे ते गृहस्थ तिथंच कॉम्प्युटर आणि स्टोअर सांभाळायचे. फौजेतून, सिग्नलच्या तुकडीतून रिटायर झालेले, लोणंदजवळच्या एका खेड्यातले. कुपवाडात एक खोली घेऊन राहायचे आणि सुट्टीला गावी जायचे.

आमच्या भागात फौजेतून आलेला प्रत्येक जण मेजर. त्याचा त्यांना भयंकर राग. “हवालदार म्हणून रिटायर झालोय मी. न मिळालेला हुद्दा लावायचा म्हंजी चोरीच की.” आम्ही तरीही मेजरच म्हणायचो आणि ते दर वेळी न कंटाळता दुरुस्ती करायचे, “हवालदार.”

पाठीमागं मात्र त्यांचं नाव हुकुमदार. सकाळी ऑफिसच्या दाराशी पाऊल वाजलं की आतून खणखणीत आवाज यायचा, “थम! हुकुमदार!” पहाऱ्यावरचा जवान अंधारात कुणाची चाहूल लागली की असं ओरडतो म्हणे. इंग्रजीतलं ‘हू कम्स देअर’ जवानांच्या तोंडात घासून घासून हुकुमदार झालं, हे त्यांनीच सांगितलेलं. त्यावर बाहेरच्यानं ‘दोस्त’ म्हणायचं. मग आतून “पास, दोस्त” असं येणार आणि कडी निघणार. रोज. पावसात भिजत उभे असलो तरी.

एकदा मी मुद्दाम गप्प राहिलो. आतून दुसऱ्यांदा आवाज आला, मग तिसऱ्यांदा. मग दार उघडून ते माझ्याकडे बघत राहिले.

“तीन हाका मारायच्या असत्यात,” ते म्हणाले. “तिसऱ्या हाकंला बोलला न्हाईस तर गोळी. हितं बंदूक न्हाई म्हणून वाचलास गड्या.”

ते हसले नव्हते. मी हसलो होतो.

त्यांना कॉम्प्युटर कळत नव्हता म्हणून ते असं वागायचे, असं कुणाला वाटेल तर ते चूक आहे. आतल्या पंख्याच्या आवाजावरून कुठल्या कॉम्प्युटरच्या डब्यात धूळ साठलीय ते सांगायचे. त्यांचा राग कॉम्प्युटरवर नव्हता, न विचारता घरात शिरणाऱ्यावर होता. कॉम्प्युटरच्या प्रत्येक कॅमेऱ्यावर वायरमन लोकांची काळी टेप. इंटरनेट फक्त मेलच्या कॉम्प्युटरला. ड्रॉइंगच्या कॉम्प्युटरांची इंटरनेटची केबल काढून भिंतीवरच्या खिळ्याला गुंडाळून ठेवलेली. त्या खिळ्याला हात लावायची कुणाची प्राज्ञा नव्हती. “गिऱ्हाइकाचं ड्रॉइंग म्हंजी दुसऱ्याच्या घरची लेकबाळ,” ते म्हणायचे. “आपल्या दारात हाय तवर आपली जोखीम.”

सांगलीच्या पेठेत एकदा मी त्यांच्याबरोबर कपडे घ्यायला गेलो. त्यांनी शर्ट पसंत केला. काउंटरवरच्या मुलीनं मोबाईल नंबर विचारला.

“कशाला?”

“बिलासाठी सर.”

“शर्ट घ्यायचाय मला, सोयरीक न्हाई जुळवायची.”

“सर, नंबर टाकल्याशिवाय सिस्टीम पुढं जात नाही.”

“मग शिस्टीमलाच घाला शर्ट,” असं म्हणून ते शर्ट तिथंच ठेवून बाहेर पडले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी मान खाली घालून माझा नंबर दिला आणि माझी पँट घेतली. ते दुकान आजही दर वाढदिवसाला मला शुभेच्छा पाठवतं. माझा वाढदिवस मी त्यांना कधी सांगितला, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

आता चावीचं सांगतो, कारण सगळं घडलं ते तिच्यामुळं.

आमचं ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर मालकांनी, म्हणजे अण्णांनी, एकदाच आणि कायमचं विकत घेतलेलं. त्याच्याबरोबर पेनड्राइव्हएवढी एक चावी मिळाली होती. ज्या कॉम्प्युटरला चावी लावाल, त्यावर सॉफ्टवेअर चालणार. ड्रॉइंगचे कॉम्प्युटर दोन आणि चावी एक, त्यामुळं सकाळी इथं तर दुपारी तिथं. त्यात काही गैर नव्हतं, करारात तसं स्वच्छ लिहिलेलं होतं. तो करार हुकुमदारांनी पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला होता. सांगली जिल्ह्यात तो वाचलेले ते एकटेच असावेत.

या चावीचं त्यांनी रजिस्टर ठेवलं होतं, फौजेत शस्त्रागारात बंदुकीचं ठेवतात तसं. चावी कुणी घेतली, किती वाजता, परत कधी दिली, सही आणि शेवटी शेरा. अण्णांनी स्वतः चावी घेतली तरी सही करावी लागायची.

एकदा सॉफ्टवेअर कंपनीचा पुण्याचा इंजिनिअर नवीन आवृत्ती घेऊन आला. टाय लावलेला, सभ्य पोरगा. पाच मिनिटांचं काम आहे म्हणाला. हुकुमदारांनी त्याला खुर्ची दिली, चहा दिला, समोर भडंगाची बशी ठेवली आणि सांगितलं, “हां. आता ह्यो करार वाच. एकेक कलम मराठीत सांग.”

पोरगा आधी हसला, मग घामाघूम झाला. एका कलमापाशी अडखळला. “वापराची माहिती सुधारणेसाठी गोळा केली जाते, असं आहे सर.”

“कसली म्हायती?”

“म्हणजे कॉम्प्युटरचं नाव, वापरणाऱ्याचं नाव, कुठल्या फाइल उघडल्या, असं.”

“फायलीवर गिऱ्हाइकाचं नाव असतंय. ते बी जाणार?”

“जात असेल सर.”

“तू वाचलावतास का हे कवा?”

“नाही सर. कुणीच वाचत नाही. सरळ खाली जाऊन ‘मान्य’ दाबतात.”

हुकुमदारांचा आवाज चढला नाही, उतरला. “आमच्यात चार माणसांत ‘मान्य हाय’ म्हटलं की मरोस्तवर फिरवता येत न्हाई. आन ती गोष्ट तू मला न वाचता म्हणाय लावतोस? घे, भडंग खा आन जा.” पोरगा गेला. आमच्या कॉम्प्युटरवर जुनीच आवृत्ती राहिली आणि ती झकास चालत होती.

खंडेनवमीला वर्कशॉपमध्ये मशीनांची पूजा असते. त्या वर्षी हुकुमदार सणाला गावी निघाले आणि पूजा माझ्यावर सोपवली. जाताना बजावून गेले, “चावीला फूल वाहा. कुंकू लावू नगं.” मी हो म्हणालो. नवमीला मशीनं धुतली, व्हर्नियर, पाने, स्क्रू ड्रायव्हर पाटावर मांडले, झेंडू वाहिले. सगळ्यांना हळदकुंकू लावता लावता चावी हातात आली. सगळ्यांना लावायचं आणि जिच्यावर पोट चालतं तिलाच कोरडं ठेवायचं, हे मनाला पटेना. प्लास्टिकवर कुंकू धरत नव्हतं म्हणून कॉम्प्युटरमध्ये जाणाऱ्या पुढच्या चकचकीत पट्ट्यांवर ओलं बोट टेकवलं. मनोभावे टेकवलं.

दसरा झाला. कामावर आलो तर हुकुमदारांची रजा दोन दिवस शिल्लक होती आणि एका पॅटर्नची घाई होती. रजिस्टरमध्ये सही करून चावी घेतली, लावली. पडद्यावर आलं, ‘चावी सापडली नाही’. काढून परत लावली. तेच. खाली लिहिलं होतं, इंटरनेट जोडा, अपडेट करा, परवाना तपासून घ्या.

कापसाचा बोळा आणि थोडं स्पिरिट. एवढंच लागत होतं. पण माझ्या डोक्यात कुंकू आलंच नाही. मी खिळ्यावरची केबल काढली, कॉम्प्युटरला लावली. लांबच लांब करार आला. मी सरसर खाली गेलो आणि ‘मान्य’ दाबलं. अर्ध्या तासात सॉफ्टवेअर सुरू झालं, चावीशिवायच. मग दुसऱ्या कॉम्प्युटरवरही तेच केलं. मला तर वाटलं, मी फार हुशारी केली. संध्याकाळी केबल जशी होती तशी खिळ्याला गुंडाळली आणि कुणाला काही बोललो नाही.

हुकुमदार परत आले. तेही काही बोलले नाहीत.

पंधरा दिवसांनी कंपनीचा मेल आला. तुमच्याकडे आमच्या सॉफ्टवेअरचा विनापरवाना वापर (पायरसी) आढळला आहे. एका परवान्यावर दोन कॉम्प्युटर. खाली आमच्या फाइलींची यादी, गिऱ्हाइकांच्या नावांसकट. नव्या आवृत्तीबरोबर करारही बदलला होता, चावीची सोय रद्द झाली होती आणि ते सगळं मी मान्य केलं होतं. जी गोष्ट कालपर्यंत आमच्या हक्काची होती ती एका बोटासरशी चोरी झाली. आणि मेलमध्ये ‘वापरकर्ता’ म्हणून नाव होतं हुकुमदारांचं, कारण दोन्ही कॉम्प्युटरांवरची खाती अण्णांनी त्यांच्याच नावानं उघडली होती. पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट.

अण्णा वाईट माणूस नाही. दिवस मावळायच्या आत घरी जेवायला जाणारे, मुंगीलासुद्धा पाय लागू न देणारे गृहस्थ. पण ते घाबरले. त्यांनी कंपनीला फोन लावला. पलीकडून एक गोड आवाज बोलला की एखाद्या कर्मचाऱ्यानं परस्पर केलं असं लिहून द्या, त्याला कामावरून कमी केल्याचं कळवा, नवीन परवाना घ्या, विषय संपला. किती सोपं! कुठल्या तरी थंडगार ऑफिसात बसून कानाला हेडफोन लावून एका माणसाची अब्रू अशी काढून टाकायची आणि वर ‘आणखी काही मदत करू का’ म्हणून विचारायचं. त्या आवाजाला मी आजही शोधतो आहे.

अण्णांनी हुकुमदारांना केबिनमध्ये बोलावलं. मी होतो आणि मशीन चालवणारा ऑपरेटर होता. हुकुमदारांनी मेल उभ्यानं वाचला.

“पायरसी म्हंजी चोरीच की अण्णा?”

“आवं, ती त्यांची भाषा हाय.”

“चोर म्हणून माझं नाव लिवलंय. माझ्या बापाच्या नावासकट.”

“तुमास्नी कोण चोर म्हणतंय? नुसतं कागदावर हाय. एवढी सही करा, दोन म्हैनं गावाकडं राहा आन परत या.”

हुकुमदार आमच्याकडे वळले. “दार कुणी उघडलं?”

ऑपरेटरला काहीच कळलं नाही. मला कळलं. मी कॅलेंडरकडं बघत राहिलो.

“दार कुणी उघडलं?”

मला नोकरीत कायम व्हायला एक महिना उरला होता. हे मी सबब म्हणून सांगत नाही. सबब नाहीच ती.

“दार कुणी उघडलं?”

मग ते थांबले. टेबलावरचा कागद उचलून वाचला. वर ‘हे मी परस्पर केलं’ असा मजकूर, शेवटी ‘वरील सर्व मला मान्य आहे’ आणि सहीची रेघ. “हितं बी ‘नको’ला जागा न्हाई,” ते म्हणाले. पेनाला टोपण लावलं आणि पेन खिशाला अडकवलं. सही केली नाही. अण्णांनी नंतर त्यांच्या सहीशिवायच पत्र पाठवलं, संबंधित कर्मचाऱ्याला काढून टाकले आहे म्हणून.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला चार्ज दिला. फौजेत देतात तसा, एकेक वस्तू मोजून. पेनड्राइव्ह, स्क्रू ड्रायव्हर, काळ्या टेपचं अर्धं रीळ, कपाटाच्या किल्ल्या, ती चावी. शेवटी रजिस्टर. “पानं बघून घे,” म्हणाले. “एक बी फाडल्यालं न्हाई.” मी न बघताच सही केली. एका महिन्यात दुसऱ्यांदा मी न वाचता मान्य केलं. ते पिशवी उचलून बसस्टँडला गेले. मोटरसायकलवर सोडतो म्हणालो तर नको म्हणाले.

आठवडाभरानं कुणाला तरी कसली तरी तारीख हवी होती म्हणून मी रजिस्टर उघडलं. दसऱ्यानंतरच्या पानावर माझी सही होती, वेळेसकट. आणि शेऱ्याच्या रकान्यात त्यांच्या ठाशीव अक्षरात लिहिलेलं होतं, ‘चावीस कुंकू होते. साफ केले. चावी चांगली आहे. केबलची गाठ वेगळी आहे.’

रजेवरून आले त्याच दिवशी त्यांना सगळं कळलेलं होतं. केबिनमध्ये उभे होते तेव्हाही ते रजिस्टर त्यांच्या कपाटात होतं, दहा पावलांवर. एक पान उघडून दाखवलं असतं तर ते सुटले असते आणि मी गेलो असतो. मला आधी त्यांचाच राग आला. कोण मागत होतं हा उपकार? मला असं उघड्यावर टाकून स्वतः मोठे झाले! दोन दिवस मी त्यांच्यावर जळफळत होतो. मग तो राग जिथं जायला हवा होता तिथं गेला आणि तिथंच राहिला.

मी अण्णांकडे गेलो, पण कायम झाल्याचं पत्र हातात पडल्यावर. हेही लिहायला हवं. अण्णांनी ऐकून घेतलं आणि डोळे मिटले. “झालं ते झालं. पत्र गेलंय. आता उकरून काढू नगंस,” म्हणाले.

मग मी लोणंदला गेलो. तिथून रिक्षानं त्यांचं गाव. सिमेंटचं बैठं घर, पुढं लोखंडी फाटक. ते अंगणात पाठमोरे बसून कांदा निवडत होते. फाटकाला माझा हात लागला आणि आवाज झाला.

“थम! हुकुमदार!”

सवयीनं आलं असणार ते. वळून बघितलंही नव्हतं. उत्तर मला पाठ होतं, दोन अक्षरी तर होतं. ते तोंडातून निघेना.

“हुकुमदार!”

“दार मी उघडलं होतं, मेजर.”

त्यांचा हात थांबला. “हवालदार,” ते म्हणाले.

मग उठले, फाटकापाशी आले. मी पिशवीतून रजिस्टर काढलं आणि ते पान पुढं केलं. त्यांनी त्याकडं बघितलंही नाही.

“हे दाखवलं का नाही तुम्ही?”

“ते रजिस्टर चावीचं हाय. माणसाचं न्हाई.” त्यांनी माझ्या हातातलं रजिस्टर मिटवलं. “तीन हाका मारल्या रं तुला.”

आतून त्यांच्या बायकोनं कोण आलंय म्हणून विचारलं. “सांगलीचं हाय कोण तरी,” ते म्हणाले. कडीला हात लावला नाही.

“माझं नाव त्यांच्या यादीतनं निघतंय का बघ,” शेवटी म्हणाले. “निघालं की ये. मग चा घेऊ.”

मी कंपनीला सगळं लिहून पाठवलं. माझी सही, रजिस्टरच्या पानाचा फोटो. एका मिनिटात उत्तर आलं, या पत्त्यावर आलेले मेल वाचले जात नाहीत. दुसऱ्या पत्त्यावर पाठवलं. तिथून आलं, तुमची तक्रार निकाली काढण्यात आली आहे, आमची सेवा कशी वाटली, तारे द्या. फोन केला तर एक दाबा, दोन दाबा. त्यांना आमच्या कॉम्प्युटरचं नाव कळतं, फाइली कळतात, एका माणसाच्या बापाचं नाव कळतं. ‘तो चोर नव्हता’ एवढं एक वाक्य ऐकून घ्यायला मात्र त्यांच्याकडे कान नाही.

नवीन परवाना दर वर्षाचा आहे आणि सॉफ्टवेअर रोज सकाळी इंटरनेटवरून स्वतःची खात्री करून घेतं. खातं जुनंच आहे, कंपनीकडून नाव बदलून मिळत नाही. त्यामुळं मी कॉम्प्युटर सुरू केला की पडद्यावर आधी हुकुमदारांचं पूर्ण नाव येतं, वडिलांच्या नावासकट, आणि त्याच्यापुढं ‘आपले स्वागत आहे’. ज्यांनी त्यांना चोर ठरवलं तेच रोज त्यांचं स्वागत करतात. खाली एकच बटण असतं, ‘होय, मीच आहे’. ते दाबल्याशिवाय आत जाता येत नाही.

रोज सकाळी मी ते दाबतो.